एक बूच तेल

तिने कानांवरचे हेडफोन ओढून काढले आणि हत्यारांच्या टेबलावर टाकले. ते गाणी ऐकायचे हेडफोन नव्हते. त्यांना जोडलेली रबरी नळी मोटरसायकलच्या इंजिनावर बोल्टने आवळलेल्या तांब्याच्या नळीत शिरली होती, आणि इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्यातून साफ ऐकू यायचं. मागचं चाक लोखंडी रोलरवर अजून फिरत होतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “काही म्हणजे काही नाही.”

“ठोकतंय,” अप्पा म्हणाले.

“आत्ता?”

“आत्ता नाही. टेकडीच्या चढावर.”

“अप्पा, हा रोलर म्हणजे चढच आहे. तुमच्या टेकडीपेक्षा जास्त जोर लावलाय मी चाकाला.”

“मग टेकडीला तसं कळवायला हवं,” अप्पा म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या टायरवाल्याने मान वर केली. अप्पांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वर्ग काही सुटत नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय घरात, दुकानात, दवाखान्यात सगळीकडे चालूच होती, आणि अलीकडे तर वर्गात आणखी चार बाक वाढल्यासारखा तो आवाज चढला होता.

चूक मुळात चिमीचीच. चिमी हे तिचं घरातलं नाव. ते ठेवलं तेव्हा ती चिमणीएवढी होती, आता दोन्ही हातांनी इंजिन उचलून बाकावर ठेवायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अप्पांच्या वाढदिवसाला तिने हौसेने त्यांच्या गाडीतला मूळ कंट्रोलर काढून आपला बसवला होता. लॅपटॉपवर त्याचा तक्ता दिसायचा. इंजिन किती वेगाने फिरतंय आणि मूठ किती पिळलीय यावरून कुठल्या चौकटीत किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, ते त्यात ठरवायचं. तिच्या हातच्या गाड्या शर्यतीत पळायच्या. बापाची गाडी मात्र टेकडीवर जाताना ठोकते म्हणे. पेट्रोल आपली वेळ येण्याआधीच पेटतं आणि पिस्टनला आतून हातोडी मारल्यासारखे ठोके बसतात. तसंच चालवत राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक.

पहिल्या शनिवारी तिने चढावरच्या चौकटींत पेट्रोल वाढवलं. दुसऱ्या शनिवारी ठिणगी उशिरा टाकली. गाडी इतकी मवाळ झाली की सायकलवाले पुढे जाऊ लागले. तरी सोमवारी सकाळी अप्पा दारात हजर. फोन करून सांगण्यासारखी गोष्ट होती, पण फोनवर बोलणं त्यांना हल्ली पटत नसे.

“ठोकतंय,” ते तेव्हाही म्हणाले होते, चाचणीचा निकाल सांगावा तसे.

एरवी तिने हसण्यावारी नेलं असतं. पण दादाने हट्ट धरला होता. गेल्या आठवड्यात अप्पांनी पाण्याच्या टँकरसमोरून खुशाल उजवीकडे गाडी वळवली. टँकरवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी घरी येऊन दादाला चार शब्द सुनावून गेला. अप्पांचं म्हणणं, हॉर्न वाजलाच नाही, तो माणूस खोटारडा आहे.

“असलेला टँकर कळत नाही आणि नसलेला ठोका ऐकू येतो,” दादा फोनवर म्हणाला होता. “त्यांचं डोकं थाऱ्यावर नाही गं. मी आज संध्याकाळी किल्ली काढून घेणार.”

“ठोका सापडला तर?”

“सापडला तर माझं काही म्हणणं नाही. सापडेल का?”

म्हणून आज, तिसऱ्या शनिवारी, ती दुपारपासून नसलेला ठोका शोधत होती. सकाळी गाडी काढायची, टेकडीवर जायचं, बरोबरीच्या चार म्हाताऱ्यांशी सगळ्या जगाच्या चुका काढायच्या आणि उन्हं तापायच्या आत परतायचं, एवढंच अप्पांच्या दिवसात उरलं होतं. किल्ली गेली की ते खिडकीत बसणार. खिडकीत बसलेले अप्पा तिच्या डोळ्यांपुढे येत नव्हते, आणि आले की तिला रडू यायचं. रडू आलं की ती चिडायची.

“तुम्हाला नक्की कसा येतो आवाज? टकटक की खळखळ?” तिने लॅपटॉपकडे बघत विचारलं.

अप्पा गप्प. ती वळली. ते भिंतीवरच्या पान्यांकडे बघत उभे होते.

“रुसा आता,” ती म्हणाली.

समोर येऊन तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ते लगेच म्हणाले, “बारीक. चणे भाजताना उडतात तसं.”

वर्णन तर अगदी बरोबर होतं. त्यानेच तिचं डोकं आणखी फिरलं.

तिच्या दुकानाची एक शिस्त होती. गाडी रोलरवर घेण्याआधी गिऱ्हाइकाचं पेट्रोल कॅनमध्ये काढून ठेवायचं, आपलं खात्रीचं पेट्रोल भरायचं, आणि काम झालं की त्याचं त्याला परत. आज तिचा साठा संपला. तिने अप्पांचं पेट्रोल टाकीत परत ओतलं, झाकण लावलं, आणि गाडी खाली उतरवणार तोच अप्पा म्हणाले, “म्हणजे तू हरलीस.”

“बसा तिथे,” ती म्हणाली. “शेवटचं. पुन्हा तोंडून ठोका शब्द काढायचा नाही.”

हेडफोन चढवून तिने मूठ पिळली. रोलरचा जोर वाढवला. इंजिन कण्हलं, आणि तिच्या कानात चणे उडायला लागले.

तिने मूठ सोडली. पुन्हा पिळली. पुन्हा तेच. तीच गाडी, तोच तक्ता, तीच दुपार. बदललं होतं ते फक्त पेट्रोल. तिने टाकीचं झाकण काढलं आणि नाक आत घातलं. पेट्रोलच्या वासाखाली एक जुना, गोडसर, चिकट वास होता.

“अप्पा, यात काय घालता?”

“तेल,” अप्पा सरळपणे म्हणाले. “स्कूटरमध्ये घालायचो तेच. टाकीला एक बूच.”

“ती स्कूटर टू-स्ट्रोक होती. तिला तेल लागायचं. ही फोर-स्ट्रोक आहे.”

“म्हणून काय हिला उपाशी ठेवायचं?”

तिने कपाळावर हात मारून घेतला. ग्रीसचा पंजा उमटला असणार, पण आता कुणाला पर्वा होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तीन शनिवार ती आपल्याच तक्त्याची हाडं मोडत होती आणि दुखणं टाकीत होतं. बूचभर तेलाने पेट्रोल भलत्या वेळी पेटायचं, आणि तिच्या शिस्तीमुळे तेच पेट्रोल दर वेळी कॅनमध्ये आराम करत पडायचं. तिला हसू यायला लागलं आणि थांबेना. तिने तसाच दादाला फोन लावला.

“ठोका आहे,” ती म्हणाली. “मी स्वतः ऐकला. इतका बारीक की मला नळी लावावी लागली. अप्पांनी नुसत्या कानांनी पकडला. त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा थाऱ्यावर आहे.”

“मग राहू दे किल्ली त्यांच्याकडे,” दादा म्हणाला. “माझंच चुकलं.”

जिंकल्याचा आनंद एकटीने काय करायचा. तिने अप्पांना खुर्चीवरून उठवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि मूठ पिळली. रोलर घुमला. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आता हे म्हणणार, बघ, सांगत होतो.

अप्पांचा चेहरा हलला नाही. त्यांनी मान हलवली आणि हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

“यातून काही कळत नाही,” ते म्हणाले. “असं बघ.”

त्यांनी पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवला आणि गुडघा टाकीला टेकवला, चालवताना टेकतो तसा. “पिळ.”

तिने पिळली. नळी कानाला नव्हती, त्यामुळे तिला नुसताच गोंगाट ऐकू आला. अप्पांनी बोट वर केलं. “हा. हा बघ. इथे येतो, गुडघ्यात.”

तिने गाडी बंद केली. दुकान एकदम शांत झालं. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर.

“अप्पा,” ती म्हणाली.

ते टाकीवरचा आपल्या हाताचा ठसा रुमालाने पुसत होते.

“अप्पा, टँकरवाल्याने हॉर्न वाजवला होता.”

रुमाल गोल गोल फिरत राहिला. समोरच्या टायरवाल्याने हातोडी खाली पाडली, खणकन आवाज झाला. तिची मान वळली. अप्पांची वळली नाही.

ती पुढे गेली. त्यांची नजर तिच्या ओठांवर आली. ती नेहमी तिथेच येत असणार, आणि आपण तिला कसली कसली नावं ठेवली, रोखून बघतात, जाब विचारतात, मास्तरकी करतात.

“कधीपासून?” तिने नुसते ओठ हलवून विचारलं. आवाज केलाच नाही.

अप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग आपण पकडले गेलो हे त्यांना कळलं. त्यांनी रुमालाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

“दादाला सांगू नकोस,” ते म्हणाले. किती दिवसांनी ते हळू बोलत होते. इतकं हळू की स्वतःलाही ऐकू गेलं नसेल.

तिने गाडी बाहेर काढली, दुकानाचं शटर ओढलं आणि ती पुढच्या सीटवर बसली. मग मान वळवून, त्यांना दिसेल अशी, म्हणाली, “मागे बसा. सोमवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी येते न्यायला.”

अप्पा आयुष्यात कुणाच्या मागे बसले नव्हते. आता ते दहा कारणं सांगतील म्हणून ती तयार होती. त्यांनी एकही सांगितलं नाही. पायाने फूटरेस्ट शोधलं, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि बसले.

टाकीत अजून तेच पेट्रोल होतं, आणि घराच्या वाटेवर छोटा चढ होता. बस मागे हॉर्न देत होती, रिक्षा पुढे घुसत होत्या. ती कान देऊन ऐकत होती, पण त्या गोंगाटात इंजिनाचं काही कळत नव्हतं. चढाच्या मध्यावर अप्पांनी तिच्या खांद्यावर दोन बोटं हलकेच आपटली.

तिने मूठ थोडी सोडली. बोटं थांबली.