दाराखालची पट्टी

मी एक जुनी रबरी पट्टी आहे. मित्रांनो, गाडीचं दार उघडलं की खाली जी पत्र्याची कड दिसते, तिच्यावर रस्त्याची धूळ-चिखल बसू नये म्हणून मला दाराच्या तळाला चिकटवलं आहे. माझ्या जिवाला पहिल्यापासून स्वस्थता नाही. कारखान्यात तापलेल्या साच्यातून बाहेर पडले आणि लगेच गुंडाळून पिशवीत कोंबली गेले. दुकानात वर्षभर खुंटीला लटकले. कोणी हात लावला की वाटे, आता सुटका. पण तो हात शेजारच्या पायपुसण्याकडे जाई.

शेवटी एका लेकीने मला घेतलं. तिचे वडील शिंपी. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय नीट उचलत नसे. व्यायामासाठी ती त्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेई. गल्ली खोदलेली, त्यामुळे ती कड कायम चिखलाने माखलेली. उतरताना त्यांची पोटरी तिच्यावर घासे आणि स्वतः शिवलेल्या फिकट पँटवर काळा पट्टा उमटे. एके दिवशी ते घरातून निघेचनात.

"बाबा, डाग काय, धुतला की जातो," लेक म्हणाली.

"जन्मभर लोकांना नीटनेटकं केलं मी. आता चार माणसांत असा बसू?"

त्याच संध्याकाळी तिने दार पुसून मला चिकटवलं. पुढच्या खेपेला उतरल्यावर वडिलांनी पोटरीवरून हात फिरवला, तळवा पाहिला. "कोरी आहे," एवढंच म्हणाले. मित्रांनो, मी हरखून गेले. त्यानंतर त्यांची एकही खेप चुकली नाही.

पण पावसाचे दिवस आले आणि माझी झोप उडाली. काचेवरचं पाणी दारात उतरतं, तळाच्या तीन बारीक भोकांतून बाहेर पडतं. लेकीने घाईत मला नेमकं त्या भोकांवरच चिकटवलं होतं. पाणी माझ्या पाठीशी साचू लागलं. ब्रेक दाबला की आत डचमळे. मी ताणून पाहिलं, कड सोडायचा प्रयत्न केला, डिंक सोडेना.

"दारात पाणी आहे गं," वडील म्हणाले.

"बाटली हलत असेल, बाबा."

पुढे पत्रा गंजला आणि तांबडं पाणी माझ्या कडेने झिरपू लागलं. एका सकाळी ते त्यांच्या पँटला लागलं. गंजाचा डाग; धुऊनही गेला नाही. वडिलांनी पँट घडी करून ठेवून दिली आणि पुन्हा घरी बसले. दोन आठवडे गाडी दवाखान्याकडे वळलीच नाही. माझा जीव तिळतिळ तुटत होता. ज्याच्यासाठी मला आणलं, त्यालाच मी घरी बसवलं होतं.

गाडी गॅरेजमध्ये नेताना मात्र लेकीने त्यांना बळेच सोबत घेतलं. मेकॅनिकने माझं टोक ओढताच पाण्याची धार लागली.

"ताई, धूळ अडवलीत ते चांगलं केलंत, पण पाण्याची वाटही बुजवलीत," तो म्हणाला आणि मला कचऱ्याच्या डब्याकडे नेऊ लागला.

लेक मान खाली घालून उभी होती. "माझंच चुकलं, बाबा. तुम्ही सांगत होतात."

वडिलांनी हात आडवा केला. मेकॅनिकला म्हणाले, "टाकू नका ती. खडू आहे का? आणि कात्री?"

स्टुलावर बसून त्यांनी मला मांडीवर पसरलं. दाराची भोकं मापून माझ्यावर तीन खुणा केल्या. डावा हात साथ देत नव्हता.

"टोक धर. ओढू नकोस, नुसतं धर."

लेकीने धरलं. त्यांनी तीन ठिकाणी अर्धगोल कापले, काजाला कापावेत तसे स्वच्छ. गंज घासून, रंग लावून मेकॅनिकने मला नव्या चिकटपट्टीने बसवलं. परतताना वडील म्हणाले, "दवाखान्यावरूनच जाऊ या. उघडा असेल अजून."

आज ते काठी टेकत स्वतः उतरतात. मी मात्र झिजले आहे. एका कोपऱ्यात सुटले आहे, तिथे खडे शिरतात. लेकीची सदा धावपळ. मला पुसून कित्येक महिने झाले.

मित्रांनो, आम्हांला बसवलं म्हणजे काम संपलं, असं समजू नका. दार उघडाल तेव्हा एकदा वाका. ओल्या फडक्याने मला पुसा, भोकं मोकळी आहेत का ते बोटाने चाचपा. आत पाणी साचू लागलं की सगळ्यांत आधी मला कळतं. मला फक्त सांगता येत नाही.