कोरी भांडी

नाशकात राहणाऱ्यांचा खर्च कुठे होतो, हे बाहेरच्यांना कधी कळलं नाही. माझे वडील कचेरीत कारकून होते. पगार पस्तीस रुपये. तो एक तारखेला यायचा आणि वीस तारखेच्या सुमाराला आई डब्यांचे तळ चमच्याने खरवडू लागायची. एवढ्या पगारात आम्ही चौघं खाऊन-पिऊन राहिलो असतो, चार पैसे शिल्लकही पडले असते. पण आमचं बिऱ्हाड पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्यामुळे नात्यात कुठेही कुणी वारलं की अस्थी घेऊन मंडळी आमच्याच दारात उतरायची.

"माणसं मरतात येवल्याला आणि डाळ संपते माझी," आई म्हणायची.

वडील कोट खुंटीला अडकवत म्हणायचे, "अगं, गंगेकाठी राहतो आपण. आल्यागेल्याला जेवू घालणं आपल्या वाट्याला आलंय."

"पगार तेवढा एकट्याचा आलाय वाट्याला."

यावर वडील हसायचे. त्यांचं ते हसणं आठवलं की मला अजून चीड येते. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती.

आईला शिवणयंत्र हवं होतं. गल्लीच्या टोकाला सलाउद्दीन शिंपी राहत. त्यांच्याकडे दोन यंत्रं होती. त्यातलं जुनं, हाताने फिरवायचं, ते तीस रुपयांना द्यायला तयार होते. बायकांच्या चोळ्या घरी शिवल्या तर महिनाअखेरीला कुणापुढे हात पसरायला नको, असा आईचा हिशेब. पण पैसे साठवायचे कुठे? डब्यात ठेवले की वडील पाहुण्यांदेखत विचारायचे, "अगं, रुपया आहे का?" आणि पाहुण्यांदेखत नाही म्हणायची तेव्हा रीत नव्हती.

म्हणून आईने युक्ती काढली. चार-पाच रुपये जमले की ती भांडीबाजारात जाऊन ढुंढिराज कासारांकडून एखादं भांडं आणायची. तांब्या, तपेली, परात, ताम्हन. कासारांनी कबूल केलं होतं, "वापरू नका. चुलीवर चढलं नाही तर रुपयामागे आणा कापून परत घेईन." ती भांडी आई फळीवर पालथी मांडून ठेवायची. भांडं काही कुणी हातउसनं मागत नाही, असं तिला वाटलं.

गावात दुसरीकडे कुठेही राहत असतो तर ते खरंही ठरलं असतं.

वडिलांचे चुलतभाऊ दाजीकाका सासऱ्यांच्या अस्थी घेऊन येवल्याहून आले. दुसऱ्या दिवशी क्रियाकर्म. उपाध्यायांनी दानाला ताम्हन आणि तांब्या सांगितला, आणि दानाचं भांडं कोरंच लागतं. दाजीकाकांनी जेवता जेवता फळीकडे मान वर केली.

"वहिनी, मग बाजारात कशाला जायचं? घरातच दुकान आहे की. पैसे मी गेल्या गेल्या पाठवतो."

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील भात कालवत होते. "घे की रे," ते म्हणाले. "पुण्यालाच लागतंय."

पैसे आले नाहीत. दोन महिन्यांनी वडिलांच्या मावशीचा मुलगा आला, त्याने परात नेली. ती नेताना तो म्हणाला, "दाजी सांगत होता, तुमच्याकडे सोय आहे." त्या दिवशी आईने माझी वेणी इतकी करकचून घातली की संध्याकाळपर्यंत माझं डोकं दुखत होतं.

चार दिवसांनी भांड्यांवर नावं घालणारा बुधा हातोडी आणि छिन्नी घेऊन गल्लीतून ओरडत निघाला. आईने त्याला आत बोलावलं. उरलेली सगळी भांडी त्याच्यापुढे ठेवली.

"काय घालू, बाई? अक्षराला पैसा."

"अनसूया. पुढे-मागे काही नको."

"यजमानांचं?"

"यजमानांचं नाव घातलं तर तीही जातील," आई म्हणाली.

बुधा ओसरीवर बसून ठोकत राहिला. टिंबाटिंबांनी आईचं नाव पितळेवर उठत गेलं. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं दानात चालत नाही. त्यानंतरचे पाहुणे फळीकडे बघून नुसतेच उसासे टाकायचे, आणि आईला मनापासून बरं वाटायचं. पुन्हा चार-चार रुपये जमत गेले, नवं भांडं आलं की बुधाला हाक जायची.

मग सलाउद्दीन शिंप्यांचं मालेगावला मुलाकडे जायचं ठरलं. "आठ दिवसांत घेऊन जा, नाहीतर यंत्र दुसऱ्याला देतो," असा त्यांनी निरोप पाठवला. आईने भांडी धुऊन-पुसून दोन पोत्यांत भरली आणि एक पोतं माझ्या डोक्यावर देऊन आम्ही कासारांकडे गेलो.

कासारांनी तपेली हातात घेऊन फिरवली. "हे काय केलंत, वहिनी? नाव घातलंत?"

"वापरली नाहीत. चुलीवर चढली नाहीत."

"ते दिसतंय हो. पण अनसूया नावाचं भांडं मी कुठल्या गिऱ्हाइकाला विकू? हे आता मोडीत. पंधरा रुपये होतील सगळ्यांचे."

आईने भांडी पुन्हा पोत्यांत भरली. पोतं उचलून चालू लागली. वाटेत एवढंच म्हणाली, "माले, तुझ्या बापाला यातलं सांगू नकोस. हसेल."

ती घरी न जाता थेट सलाउद्दीन शिंप्यांच्या बायकोकडे, माजिदाबींकडे गेली. पोतं उंबऱ्यात ठेवून तिने सगळं सांगितलं. यंत्र मागितलं नाही, नुसतं सांगितलं. माजिदाबींनी तपेली काढली, बोटाने वाजवून पाहिली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, नव्या घरी भांडी लागणारच की. इथून न्या नाहीतर तिथे घ्या."

सलाउद्दीन म्हणाले, "दुसऱ्या बाईचं नाव आहे त्याच्यावर."

"आपल्या घरात मराठी वाचतंय कोण? विचारलं तर नक्षी म्हणून सांगू."

असं यंत्र घरी आलं.

पंधरा दिवस झाले नसतील, दाजीकाका पुन्हा हजर. या खेपेला एका दूरच्या काकूंच्या अस्थी. थंडीचे दिवस होते, आणि दाजीकाकांच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं.

"वहिनी, यंत्र आलंय म्हणे. एवढं जरा..."

आईने कोट घेतला, अस्तर शिवलं आणि म्हणाली, "दोन आणे झाले."

दाजीकाका हसले. "पुढच्या वेळी आलो की देतो."

"पुढच्या वेळी कोण?" आईने विचारलं, आणि कोट खुंटीला अडकवून त्याखाली यंत्र मांडून बसली.

पहाटे त्यांना स्टेशन गाठायचं होतं. दाजीकाका ओसरीवर पंचा गुंडाळून कुडकुडत होते. थोड्या वेळाने वडील स्वयंपाकघरात आले, मान खाली घालून.

"अगं, दोन आणे आहेत का?"

आईने कनवटीची चौकोनी दोनआणी त्यांच्या हातावर ठेवली. ती दोनआणी ओसरीवर गेली आणि दाजीकाकांच्या हातून परत आत आली. एक कोपरा चेमटलेला होता, त्यामुळे ओळखू येत होती. आईने ती कनवटीला खोवली, कोट काढून दिला.

"भवानी झाली," ती वडिलांना म्हणाली. "आता टांग्याचे मागायला येऊ नका."

वडील दारातच उभे होते. ते त्यासाठीच परत आले होते.