थकवा: नाही

आधीच सांगून टाकते, मी भित्री नाही. इंजिनात पक्षी घुसलेला असताना मालाने खच्चून भरलेलं विमान मी खाली उतरवलंय, आणि नंतर उपाहारगृहात बसून दोन कप चहा प्यायलेय. पण त्या दिवशी सकाळी बैठकीच्या टेबलावर ती निळी फाइल आली आणि माझे हातपाय गार पडले.

खोली ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरची. खिडक्या न उघडणाऱ्या, आणि एसी असा की भाजी ठेवली तर आठवडाभर टिकावी. टेबलाच्या त्या बाजूला कंपनीचे तिघं. मधले साहेब, म्हणजे वैमानिक विभागाचे प्रमुख. एके काळी फार चांगले वैमानिक होते, आता नुसती खुर्ची उडवतात. या बाजूला आमच्या संघटनेचे तिघं: अध्यक्ष, मी आणि आजोबा.

आजोबा म्हणजे माझे सहवैमानिक. आम्ही वैमानिक सगळेच त्यांना आजोबा म्हणतो. वय अठ्ठावन्न. पूर्वीच्या कंपनीत ते कॅप्टन होते, ती बुडाली. आमच्या धंद्यात नव्या कंपनीत गेलं की ज्येष्ठतेच्या यादीत तळापासून सुरुवात करावी लागते, मग तुम्ही कितीही मोठे तुर्रमखान असा. त्यामुळे माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा माणूस माझ्या उजव्या हाताला बसतो आणि मला ‘कॅप्टनबाई’ म्हणतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून बैठकीचं इतिवृत्त लिहायला आम्ही त्यांनाच बसवलं होतं.

जुना करार संपून सात महिने झाले होते. बाकीचं सगळं मिटत आलं होतं, घोडं अडलं होतं एकाच कलमावर. आमची ड्युटी बारा तासांची. माल उशिरा आला की कंपनीचा फोन येतो, दोन तास वाढवता का? हो म्हणायचं की नाही, हे आजवर कॅप्टनच्या हातात होतं. नव्या करारात कंपनीला तेच काढून घ्यायचं होतं. तास कंपनी वाढवणार आणि आम्ही मुकाट्याने उडवायचं. आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो, अहो, चौदाव्या तासाला माणूस बसल्या बसल्या झोपतो. साहेबांचं एकच पालुपद, पुरावा दाखवा.

त्या दिवशी पुरावा त्यांनीच आणला.

“अकरा फॉर्म आहेत,” साहेब फाइल उघडत म्हणाले. “या वर्षात कॅप्टनबाईंनी अकरा वेळा तास वाढवून दिले. प्रत्येक फॉर्मवर एक चौकोन आहे, ‘थकवा जाणवतो का?’ अकराच्या अकरा वेळा ‘नाही’. सही तुमचीच ना, बाई?”

सही माझीच होती.

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. त्या चौकोनात आमच्याकडे कोणीच ‘हो’ लिहीत नाही. लिहून बघा! आधी कंपनीचा डॉक्टर, मग ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं गोड आवाजात विचारणारी एक बाई, मग महिनाभर सगळ्यात रडक्या फेऱ्या तुमच्या नशिबी. म्हणून उतरल्यावर फॉर्म हातात आला की पेन आपोआप ‘नाही’वर जातं, इंजिन थंड व्हायच्या आत. मीच ती, जी संघटनेच्या सभेत थकव्यावर टेबल बडवून भाषणं देते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्या दिवशी मी होते.

पण मी गार पडले ते त्यामुळे नाही. साहेबांनी फॉर्म एकेक करून मांडले, आणि सातव्याची तारीख मला उलटीसुद्धा वाचता आली.

त्या फेरीत आमचा तेरावा तास संपत आला होता. समोरच्या काचेतून सकाळचं ऊन थेट तोंडावर येत होतं, आणि झोप सगळ्यात वाईट तेव्हाच येते. नियमात एक सोय आहे. दोघांपैकी एकाने सांगून-सवरून वीस मिनिटं डुलकी काढायची, दुसऱ्याने जागं राहायचं. मी आजोबांना म्हटलं, “तुम्ही पडा, मी आहे.” ते पडले. आणि मी नव्हते.

रेडिओवर कोणीतरी आमच्या विमानाचा नंबर घेऊन जिवाच्या आकांताने हाका मारत होतं, त्याने मला जाग आली. घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं. अठरा मिनिटं ते धूड आपलं आपण चाललं होतं. खाली घरं, शाळेची तयारी करणारी पोरं, आणि वर जागं कोणीच नाही. मी रेडिओला अगदी शांत आवाजात उत्तर दिलं. तो आवाज कुठून आला, देव जाणे. मग आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. “उठा, वेळ झाली.”

“सगळं ठीक?” त्यांनी विचारलं.

“ठीक.”

उतरलो, आणि मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. नवऱ्याला सांगितलं नाही, अध्यक्षांना नाही, आजोबांना तर नाहीच. माझ्या भरवशावर झोपलेल्या माणसाला काय सांगणार?

“तर मग कलम मान्य समजायचं?” साहेबांनी विचारलं. अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

गप्प बसले असते तर दोनशे साठ वैमानिकांच्या तोंडून जादा तासांना ‘नाही’ हा शब्द कायमचा जाणार होता. बोलले असते तर बावीस वर्षांचं माझं लायसन्स. मी टेबलाची कड धरली. खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं.

“सातवा फॉर्म खोटा आहे,” मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. ऊन, डुलकी, अठरा मिनिटं. आजोबांकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांचं पेन कागदावर कुरकुरत चाललेलं तेवढं ऐकू येत होतं.

साहेबांनी सातवा फॉर्म उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग हसले.

“बाई, वाटाघाटीत लोक काय वाटेल ते बोलतात. तुम्ही झोपलात हे बघितलं कोणी? सहवैमानिक तर तुमच्याच परवानगीने झोपलेले. रेडिओचं म्हणाल तर तो अधूनमधून मुका होतोच. मग साक्षीदार कोण, विमान?” बाजूचे दोघं हसले. “हे मी लिहून घेतलं तर उद्या तुमचं लायसन्स जाईल. नाही लिहून घेत. कलम मान्य करा, पाणी प्या, विषय संपला.”

आणि मला हायसं वाटलं! जनाची नाही तरी मनाची वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणाला एवढंच कळलं की मी बोललेसुद्धा आणि वाचलेसुद्धा.

आजोबांचं पेन थांबलं.

“मी बघितलं,” ते म्हणाले.

त्यांनी पेनचं टोपण लावलं. “सात-आठ मिनिटांत मला जाग आली. बाईंची मान छातीवर आलेली. मी उंची बघितली, दिशा बघितली, इंधन बघितलं. सगळं जागच्या जागी. म्हटलं, पोर दमलीय, पाच मिनिटं झोपू दे, आपण आहोत जागे.” त्यांनी समोरचा कागद सरळ केला. “त्यानंतर मला आठवतो तो बाईंचा हात. खांद्यावर.”

आता कोणी हसलं नाही. म्हणजे माझ्यासाठी जागे राहिलेले आजोबाही पुन्हा झोपले होते. इतके महिने मी समजत होते की त्या अठरा मिनिटांची खबर जगात मला एकटीलाच आहे.

“तुमची निवृत्ती तोंडावर आलीय, आजोबा,” साहेब म्हणाले. त्यांनी आजोबा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

“माहीत आहे. मीच लिहितोय, मीच सही करतो.” त्यांनी स्वतःचं बोलणं त्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. माझी सही वेडीवाकडी आली.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्या वेळी ते खुर्चीतले साहेब दिसत नव्हते, जुने वैमानिक दिसत होते. मग त्यांनी मसुदा ओढला आणि त्या कलमावर काट मारली. “चौकशी होईपर्यंत दोघंही जमिनीवर,” ते आमच्याकडे न बघता म्हणाले.

जिन्यात मी पायरीवरच बसले. आजोबा शेजारी टेकले.

“सांगितलं का नाहीत मला?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तुम्ही ‘ठीक’ म्हणालात. वाटलं, झोपल्याचं तुम्हाला कळलंच नसेल. कशाला घाबरवायचं?”

“आणि त्यानंतर पाच महिने माझ्या शेजारी बसून उडत राहिलात? माझ्या भरवशावर डुलक्या काढल्यात?”

ते जरा ओशाळले. “डुलक्या कसल्या, बाई. त्या दिवसापासून नुसते डोळे मिटून पडायचो. पापणीच्या फटीतून तुमच्यावर नजर असायची.”

मीही तेच करत होते. मी झोपू शकते, तर तेही झोपू शकतात, ही धास्ती. माझी पाळी आली की डोळे मिटायचे, घोरण्याचं नाटक करायचं आणि आजोबा जागे आहेत ना ते बघत राहायचं. एकमेकांवर पहारा ठेवून पाच महिने आम्ही दोघंही ती वीस मिनिटं झोपलो नव्हतो. चौदा चौदा तास, भरलेलं विमान घेऊन, लोकांच्या घरांवरून.