घरात घेण्यासारखा माणूस

"बाबा, हसा की जरा. दात दिसू देत." मुलाने मोबाइल डोळ्यासमोर धरला होता. "गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, माणूस घरात घेण्यासारखा आहे."

प्लंबर हातात पाना धरून दुकानाच्या दारात उभा होता. अंगातल्या निळ्या शर्टाला सुनेने सकाळीच इस्त्री केली होती. त्याने ओठ फाकवले.

"अगं बाई, यांचं हसूही तुंबलंय," सून म्हणाली. "आतून तार घालावी लागणार."

मुलगा खो-खो हसला. प्लंबरलाही हसू आलं, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

बायको गेल्यापासून दुकानाचा फोन गप्प होत चालला होता. आधी फोन तीच घ्यायची. प्लंबरला फोनवर बोलता येत नसे; "हं, येतो" म्हणून तो ठेवून द्यायचा. आता तोच फोन घेत होता आणि एकदा फोन केलेला माणूस पुन्हा करत नव्हता. मुलाने सरळच सांगून टाकलं होतं, "वेबसाइट बनवतो. त्यावरून कामं आली तर ठीक. नाहीतर दुकान सोडा आणि घरी बसा. हिच्या हातचे दोन घास मिळतीलच."

सुनेच्या हातचे ते दोन घास प्लंबरला नको होते. म्हणून तो हसायला तयार झाला होता.

तुंबलेल्या बेसिनचा फोटो झाला, मोकळ्या झालेल्या बेसिनचा झाला. मग मुलाने जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज धाडले, आमच्या कामाबद्दल दोन शब्द लिहा म्हणून. "नवा माणूस तेच वाचून फोन करतो," तो म्हणाला. उत्तरं आली तेव्हा सगळे जेवायला बसले होते. मुलगा मोठ्याने वाचू लागला.

पहिलं एका शिंपीणबाईंचं होतं. "पाइप फुटला तेव्हा घरात मी एकटी, कडेवर तान्हं मूल. वहिनींनी मला फोन ठेवू दिला नाही. जिन्याखालचा कॉक कुठे आहे, कसा फिरवायचा, सांगत राहिल्या. पाणी थांबलं आणि मला रडू फुटलं, तर म्हणाल्या, रडून घ्या, फरशी तशीही ओलीच आहे."

दुसरं एका दुकानदाराचं. "मिस्त्री तुसडे. पण वहिनींकडे बघून बोलवायचो."

"सगळीकडे आईच," सून म्हणाली. "बाबा कुठायत?"

"हे काय, तुसडे मिस्त्री!"

दोघं पुन्हा हसली. प्लंबर ताटातल्या भाताकडे बघत राहिला. कुठल्या घराचा कॉक कुठे आहे हे बायको त्याला जेवताना विचारायची आणि तो सांगायचा. त्यांचं रोजचं बोलणं ते एवढंच. ती ते कशासाठी विचारते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"लोक तुम्हाला बोलवत नव्हते, बाबा," मुलगा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. नजर मोबाइलवरच होती. "आईला बोलवत होते. तुम्ही यायचात, एवढंच. थांबा, वहिनींच्या जागी काका टाकतो."

"अरे, पण ते तिचं..."

"आई येणार आहे का फोन उचलायला? गेलेल्या माणसाची जाहिरात करून काय मिळणार? हे बघा. आणि हो म्हणा, नाहीतर उद्या म्हणाल, मला विचारलं नाही."

प्लंबरने वाचलं. रडून घ्या, असं आता काका म्हणत होते. तुसडे मिस्त्री पुसले गेले होते. त्याने दोनदा वाचलं.

"टाक," तो म्हणाला.

फोन येऊ लागले. काम इतकं आलं की मुलगा आल्यागेल्याला वेबसाइट दाखवत सुटला. अशातच शिंपीणबाईंचा फोन आला, नळ गळतोय म्हणून. प्लंबर गेला. त्याने नळ सोडला, बंद केला. थेंबही गळत नव्हता.

"नळ ठीक आहे," तो म्हणाला.

"माहितीये मला." बाई शिलाई मशीनवरून उठल्या नाहीत. "रडून घ्या असं तुम्ही म्हणालात मला?"

"नाही."

"तुम्ही काय म्हणालात, सांगू? बूट घालून आत आलात आणि म्हणालात, गादी उचलून ठेवायला काय झालं होतं? माझ्या कडेवर पोर होतं हो, भाऊ."

प्लंबरला हे काहीच आठवत नव्हतं.

"वहिनी गेल्या तेव्हाही मी आले होते. तुम्ही ओळख दाखवली नाहीत. ते लिहिलेलं काढून टाका."

"काढलं तर फोन थांबतील, बाई."

बाईंनी मशीनच्या सुईत दोरा ओवला. एका फटक्यात ओवला. "मग माझं नाव तरी काढा. तुमच्या खोट्यात मला नको."

मुलाने नाव काढलं. त्या जागी 'एक समाधानी गृहिणी' असं घातलं. मजकूर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच फोन वाजला. कुणी तरुण बाई होती. मागे पाण्याचा मोठा आवाज येत होता.

"काका, मी तुमची वेबसाइट बघितली. फोनवर धीर देतात ते तुम्हीच ना?"

प्लंबरने हातातलं कुलूप बाजूला ठेवलं.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"मग बोला ना काहीतरी. टाकीचा पाइप सुटलाय, घरात कोणी नाही, मला फार भीती वाटतेय."

त्याने तोंड उघडलं. अशा वेळी बायको आधी काय म्हणायची, ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तोवर तो हत्यारांची पिशवी उचलून निघालेला असायचा. फोन कानाला लावून तो उभा राहिला. पलीकडे पाणी पडत होतं.

"काका?" ती म्हणाली. "आहात ना?"