पत्र्यावरची ओली गोणपाटं

"भिंत हाय का तवा? पाठ टेकली की भाजतीय!"

कुडापलीकडून शिवम्माची कुरकुर स्वच्छ ऐकू आली. गिरणीच्या चाळीत कूडच एवढा पातळ, की शेजारणीचा उसासाही आपलाच वाटावा.

"हळू बोल गं, साहेब येतोय," गोजरबाई म्हणाली आणि पत्र्यावरच्या गोणपाटांवर शेवटची घागर उपडी केली.

वर्षाकाठी एकदा चाळीचा इन्स्पेक्टर यायचा. त्या दिवशी सगळ्या चाळीचे पत्रे ओले. घरी आलेल्या माणसाला घाम फुटू द्यायचा नाही, एवढी रीत इथं भाकरीला महाग असलेल्यांनीही पाळली होती. नळाचं दिवसभराचं पाणी त्यात जाई.

यंदा गोजरबाईला मागच्या भिंतीत खिडकी हवी होती. सून मायाक्काचे दिवस भरत आलेले. मागच्या वैशाखात तिची आठ दिवसांची पोर याच खोलीत भरदुपारी गेली. कुणी दृष्ट म्हणालं, कुणी दैव. पत्र्याकडे बोट कुणी केलं नाही. राहायचं त्याच्याखालीच होतं.

साहेब आला, पाटावर बसला, पाणी प्यायला. गोजरबाईनं खिडकीचा विषय काढला.

"वा बाई! इथं तर माझ्या घरापेक्षा गार आहे. खिडकी कशाला हवी?" त्यानं मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलंसुद्धा : खोली थंड, भाडेकरू समाधानी.

गोजरबाई वहीकडे बघत राहिली. दरसाल हे असंच लिहिलं गेलं असणार, आणि तेही आपल्याच घागरींनी!

ती दारात गेली. "शिवम्मा, गोणपाटं वढ खाली."

"अय्यो! साहेब बसलाय की आत!"

"म्हणून तर. वढ."

शिवम्मानं काठीनं गोणपाटं ओढली. पत्रा आधी चरचरला, मग कडकडायला लागला. साहेबानं टोपी काढली. रुमाल काढला. कोटाची बटणं सोडली. कोपऱ्यात मायाक्का पोटावर हात ठेवून पदरानं वारा घेत होती. बाहेर दारापाशी सगळी चाळ जमलेली.

"बराय, येतो मी," साहेब घाईनं उठला.

गोजरबाईनं पाट पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

"बसा की साहेब. आमची नात ह्या उकाड्यानं गेली. त्या दिशी पत्रा तापला हुता तेवढा अजून तापला न्हाय."