भट्टीतली वरची ओळ

"डोकं आत घाल, पाय बाहेरच ठेव," खुर्शीदचाचा आतून म्हणाले. "अन् टॉर्च वरते धर ना बेटा, माह्या तोंडावर काऊन मारून राह्यली?"

इंजिनाच्या भट्टीच्या तोंडाशी मी गुडघे टेकून बसले होते. परातीएवढ्या त्या भोकातून चौऱ्याहत्तर वर्षांचे चाचा मांजरासारखे आत सरकले होते. आत जुनी राख, गांधीलमाश्यांचं वाळलेलं पोळं, आणि गंजाचा असा वास की जिभेवर चव यावी. हे सगळं माझ्या अंगावर पडेल, त्यांच्या अंगावर पडेल, असं मला सारखं वाटत होतं.

खुर्शीदचाचा आमचे घरमालक. बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीत वाफेची इंजिनं होती तोवर ते बॉयलर फिटर होते. त्यांतलं हे शेवटचं, तीस वर्षांवर टिनाच्या शेडमध्ये उभं. दर शुक्रवारी नमाज झाली की चाचा तेलाची झारी घेऊन इथे येत आणि त्याच्या सांध्यांना तेल देत. "चाचा दुसऱ्या घरी गेले," असं चाची म्हणायच्या.

आता खाणीचा वर्धापनदिन जवळ आला होता. खाणीतला तरुण इंजिनियर आदेश याने ठरवलं होतं, की सव्वीस जानेवारीला इंजिन पुन्हा पेटवायचं, मागे एक उघडा डबा जोडायचा, बालवाडीची मुलं बसवायची आणि तीनशे मीटर चालवायचं. त्या मुलांत माझी रेवा होती. आधी चाचा आतून बघणार, ते हो म्हणाले की सरकारी तपासणीवाले येणार. चाचा या दिवसासाठीच जगत होते म्हणा ना. बातमी आली त्या दिवशी त्यांनी गल्लीत जिलबी वाटली होती.

फक्त एक अडचण होती. भट्टीची आतली भिंत आणि बाहेरचा पत्रा यांना शेकडो लोखंडी खिळे धरून ठेवतात; ते तुटले तर वाफेच्या दाबाने भट्टी फुटू शकते. प्रत्येकावर हातोडी मारायची. धड असेल तो टण्ण वाजतो, तुटलेला ठप्प. आणि आयुष्यभर बॉयलर ठोकून चाचांचे कान गेले होते.

"तू चल," ते म्हणाले होते. "पोरगी बाजूच्या खोलीत खोकली त तुले गच्चीवर समजते. असे कान मले कुठी भेटतीन?"

त्यांनी हातोडी मारली.

"टण्ण," मी मोठ्याने सांगितलं.

"हा?"

"टण्ण."

खालच्या तीन ओळी अशाच गेल्या. चाचांचा चेहरा उजळत चालला. हे खरंच पेटणार. ह्याच्या मागे रेवा बसणार. चौथ्या ओळीत एक खिळा वाजला. चांगला वाजला. मी म्हणाले, "ठप्प."

चाचांनी डावा तळवा पत्र्यावर ठेवला, पुन्हा हातोडी मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा जिता हाये."

मी टॉर्च खाली वळवला.

"तुले पोरगी बसवाची नाई, मले मालूम हाये. नको बसवू, कोनाची जबरदस्ती हाये का? पण इथी झूठ नाई चालत, दीपिका."

"तुम्हाला हाताने कळतं, तर मला कशाला आणलं?" मी चिडूनच म्हणाले. लाज वाटली की मी चिडते.

"जिता असन त हाताले समजते. पुरा तुटलेलाबी समजते. अर्धा तुटलेला नाई समजत. तो कानालेच सांगते."

ते सगळ्यात वरच्या ओळीशी पोचले. पाठ वाकवून, मान तिरपी करून. हातोडी मारली.

आवाज आला तो टण्ण नव्हता. अगदी ठप्पही नव्हता. ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा.

"कसा?"

"ठप्प, चाचा."

त्यांनी तळवा ठेवला. त्यांच्या हाताला काही कळलं नाही हे मला दिसलं. पुन्हा मारली. "नीट ऐक बेटा." शेजारचा मारला, त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पुढचा. तोच आवाज. एकदा खोटं बोललेल्या बाईवर आता त्यांनी का विश्वास ठेवावा? टॉर्चच्या उजेडात ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांना कोणता शब्द हवाय ते स्पष्ट होतं. तो शब्द देऊन टाकावा असं मला क्षणभर वाटलंही.

"ठप्प," मी म्हणाले. "चारही."

त्यांनी तळव्याने तिथला पत्रा पुसला. मग खिशातून खडू काढला आणि चार फुल्या मारल्या. फुल्या सरळ आल्या.

बाहेर आदेश वाट बघत होता. ऐकून म्हणाला, "चाचा, तीनशे मीटर त चालवाचं हाये. कमी प्रेशरवर नेऊ ना."

"भाप मीटर मोजत नाई, बाबू."

"नवीन खिळे बसवू मग."

"पत्राच खाल्ला गंजानं. खिळा बसवशीन कायच्यात?"

"तुमचंच त सपन होतं!"

"होतं ना."

आदेशने टोपी काढून मांडीवर आपटली. "आता साहेब लोक म्हणतीन, चालत नाई त ठेवाचं कायले? भंगारात देऊन टाका."

"मीबी चालत नाई," चाचा कपड्यांवरची राख झटकत म्हणाले. "त्याईले सांग, तुह्या चाचीनं मले अजून ठेवलं हाये."

आदेशला हसू आलं. चाचा मात्र हसले नाहीत. स्कूटीवर मागे बसवून मी त्यांना घरी आणलं. चाचींनी दार उघडलं, चाचांच्या राखेने काळ्या झालेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पाणी तापत ठेवलं.

सव्वीस जानेवारीला, मुलांना निदान चढून बघता यावं म्हणून, ट्रॅक्टरने ओढून इंजिन शेडबाहेर आणलं. काळा रंग, लाल पट्टा, झेंडूच्या माळा. भट्टी थंडगार. मुलं चढायला धावली. रेवाला मी स्वतः उचलून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं.

खाली चाचा नव्या पांढऱ्या कुर्त्यात गुडघ्यावर बसले होते. एक लाकडी ठोकळा त्यांनी चाकाच्या पुढे सरकवला, एक मागे, आणि हातोडीने दोन्ही घट्ट बसवले.

"चाचा, हे आता कुठी पळून जाते जी?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

चाचांना ऐकू गेलं नसावं. कुर्ता आवरून ते दुसऱ्या चाकाकडे वळले.