खाणीच्या तळाशी, डावीकडे

व्हिडिओ गेमचा दांडी सरकलेला कंट्रोलर दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. दांडी म्हणजे अंगठ्याखालचा तो बुटका खांब, जो ढकलला की पडद्यावरचा माणूस चालतो. वर्षानुवर्षं एकाच बाजूला दाबली की ती आतून झिजते आणि मग हात लावला नाही तरी माणूस त्या बाजूला चालत राहतो. गिऱ्हाईक घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने येतं, "ताई, हा आपोआप चालतो हो." मी म्हणते, आपोआप काही होत नसतं. स्क्रू काढायचे, जुनी दांडी उचलायची, नवी सोल्डर करायची. दुकानाच्या मागच्या बाकावर बसून मी असे हजारभर कंट्रोलर वठणीवर आणले असतील.

माझ्या घरातला एक मात्र आणलेला नाही. तो माझ्या धाकट्या भावाचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

दर रविवारी तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही सोफ्यावर शेजारी बसून 'खोल खाण' खेळायचो. चाळिशी उलटलेली दोन माणसं. नवरा म्हणायचा, पोरं परवडली. खेळ तसा साधा. एक जण दोरीने खाणीत उतरतो, दुसरा वर रहाटाशी उभा राहतो. खालच्याने दोरीला हिसका दिला की वरच्याच्या हातातला कंट्रोलर थरथरतो. एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे वर घे. हे आमचं आम्ही ठरवलेलं, खेळात असं काही लिहिलेलं नाही. वर येताना खालच्याने पकडीचं बटण दाबून धरायचं आणि वरच्याने रहाट फिरवायचा. पकड सुटली की माणूस पुन्हा तळाशी.

त्या रविवारी तो खाली होता, मी वर. शेवटच्या प्रकरणाची शेवटची फेरी. त्याने दोन हिसके दिले, मी रहाट फिरवायला घेतला आणि त्याने अर्ध्यात पकड सोडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, थांब जरा. दम लागलाय."

सोफ्यावर बसून बटणं दाबणाऱ्या माणसाला कसला दम लागतो? हरायला आला की त्याला लहानपणापासून काहीतरी व्हायचंच. कधी पोटात दुखायचं, कधी डोळ्यात काही जायचं. मी म्हणाले, "नाटकं पुरेत." खेळ होता तिथेच साठवला आणि बंद करून टाकला. "बस आता खालीच," असंही म्हणाले. तो हसला, चपला घातल्या आणि गेला. बुधवारी त्याचं हृदय बंद पडलं.

तेव्हापासून तो खालीच बसलाय.

रोज सातला मी दुकानातून येते, हातपाय धुते आणि खेळ लावते. पडद्याचे दोन भाग होतात. वरच्या भागात मी, रहाटाशी. खालच्या भागात तो, कपाळावर दिवा लावलेला. त्याचा कंट्रोलर वायरचा, जुन्या पद्धतीचा. बिनवायरचे थोड्या वेळाने झोपी जातात, हा जात नाही. त्याची दांडी डावीकडे झिजलेली आहे, त्यामुळे खेळ सुरू झाला की तो डावीकडे चालायला लागतो आणि खाणीच्या भिंतीशी अडतो. त्याची टोपी दगडावर आपटते. ठक ठक. जरा थांबून पुन्हा ठक ठक. दर वेळी दोरी ताणली जाते आणि माझ्या हातातला कंट्रोलर थरथरतो. दोनदा.

दांडी का सरकते ते मला कोणी शिकवायला नको. दोनदाच का, ते मात्र मला सांगता येणार नाही. झिजलेली दांडी थांबून थांबून ढकलत नाही, ती एकसारखी ढकलते. हजार कंट्रोलर उघडलेली बाई हे सांगतेय.

आणि या खेळातली माणसं नुसती उभी राहिली की धापा टाकतात. ज्याने कोणी हे खेळात घातलं, त्याला गंमत वाटली असेल. दोन वर्षं मी रोज अर्धा तास ते ऐकत बसते. त्याला वर घेता आलं नसतं असं नाही. मला दोन हात आहेत, एकाने त्याचं बटण दाबलं असतं, दुसऱ्याने रहाट फिरवला असता. पण फेरी संपली की खेळ संपतो, आणि खेळ संपला की खाली कोणी उरत नाही. नवऱ्याने एकदा धूळ पुसताना ती वायर काढली होती. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

या महिन्यात कंपनीने कळवलं की खेळ नव्या रूपात येतोय आणि जुन्या कन्सोलवरची, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या डब्यावरची, सेवा महिनाअखेर बंद; मग तिथे खेळ लागणारच नाही. ज्याच्याकडे जुना खेळ साठवलेला आहे त्याला तो पुढे नेता येईल, पण एकदाच आणि एकाच ठिकाणी. नव्या कन्सोलवर, नाहीतर कंप्युटरवर. दुकानात दिवसभर याच गप्पा. कंप्युटरवर चित्र कसं लख्ख दिसतं, कन्सोलवर कसं लावलं की चाललं. गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर आली. मी मान खाली घालून सोल्डर करत राहिले.

मला चित्राचं काही पडलं नव्हतं. कन्सोलवर दोघांनी एका सोफ्यावर, एका पडद्यावर खेळायची सोय राहणार होती. म्हणजे दुसरा कंट्रोलर लागणार होता. म्हणजे तो राहणार होता. कंप्युटरवर ही सोय नाही. तिथे ज्याने त्याने आपापल्या घरी बसायचं, आणि दुसऱ्या गड्याची जागा जो जोडला जाईल त्याला मिळणार. माझं ठरल्यासारखं होतं. पण मधे मुंगी आली.

मुंगी म्हणजे भावाची मुलगी, चौदा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून त्यानेच हे नाव पाडलं, आणि आता ती माझ्यापेक्षा उंच झाली तरी तेच चाललंय. तिच्या आईची बदली झाली होती, पुढच्या आठवड्यात दोघी दुसऱ्या शहरी जाणार होत्या. मुंगीने वहीच्या पानावर मधे रेघ मारून दोन रकाने केले होते, डावीकडे कंप्युटर, उजवीकडे कन्सोल. कंप्युटरखाली दहा मुद्दे, कन्सोलखाली एकच: आत्याला सवय आहे.

"आमच्याकडे कन्सोल नाही," ती म्हणाली. "आईचा कंप्युटर आहे. तू कंप्युटरवर घेतलास तर मी तिथून रोज तुझ्याशी खेळेन. नाहीतर तू फोनवर 'जेवलीस का' विचारशील, मी 'हो' म्हणेन, आणि झालं."

मी म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक आहे. तिने पान घडी करून खिशात घातलं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे, कमी बोलतो. भांडी विसळता विसळता म्हणाला, "आमच्यात एक पद्धत आहे. माणूस आत अडकला असेल तर आधी माणूस बाहेर काढायचा. बिघाड कसा झाला, चूक कोणाची, ते मागाहून."

मला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. पण रविवारी दुपारी मी मुंगीला बोलावलं. कन्सोलवर खेळ आहे तसा नेता येत होता, पण कंप्युटरवर न्यायचं तर प्रकरण पूर्ण केलेलं असावं लागतं, अशी अट होती. तिला सोफ्यावर त्याच्या जागी बसवलं आणि त्याचा कंट्रोलर तिच्या हातात दिला. दोन वर्षांत माझ्याशिवाय कोणी तो हातात घेतला नव्हता.

पडदा उजळला. तो चालत गेला, भिंतीशी अडला. ठक ठक. मुंगीने दांडी उजवीकडे दाबून पाहिली.

"आत्या, ही डावीकडेच पळते."

"माहितीये."

"मग दुरुस्त का नाही केलीस? तुझं तर कामच ते."

"गिऱ्हाइकांची करते."

ती माझ्याकडे बघत राहिली. धापांचा आवाज खोलीत भरला होता. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर जन्मात सांगणार नाही. म्हणून सांगितलं. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले आणि खेळ कसा बंद केला. पडद्याकडे बघत सांगितलं, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

मुंगी कंट्रोलरची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मलाही म्हणाला होता. सोमवारी. जिना चढताना मधेच थांबला, म्हणाला, मुंगे, दम लागला. मी म्हटलं, म्हातारा झालास. आणि पुढे पळत गेले." तिने नाक ओढलं. "आईला नाही सांगितलं मी."

एवढंसं पोर, आणि दोन वर्षं हे घेऊन शाळेत जात होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी रोज अर्धा तास रडायला जागा करून ठेवली होती, हिच्याकडे तेवढीही नव्हती. मी तिला जवळ ओढलं. पडद्यावर तो धापा टाकतच होता.

"काढूया त्याला?" मी विचारलं.

तिने मान डोलावली आणि पकडीचं बटण दाबलं. माझ्या हातात दोन हिसके आले.

"तू दिलेस?"

"मी नुसतं धरलंय."

मी जास्त विचारलं नाही. रहाट फिरवायला घेतला. अर्ध्यावर आला तेव्हा माझा हात आपोआप थांबला, कारण पकड इथेच सुटायची. मुंगीने सोडली नाही. तिची बोटं पांढरी पडली होती. दिव्याचा उजेड खालून वर सरकत आला, मग टोपी दिसली, मग खांदे. तो माझ्याशेजारी उभा राहिला आणि दोन भाग मिटून पडदा एक झाला.

मुंगीने कंट्रोलर सोफ्यावर ठेवून डोळे पुसले. मी माझा मांडीवर ठेवला. कोणाचाच हात कशाला लागत नव्हता. खाणीचं तोंड डावीकडे होतं, हे मला तेव्हा दिसलं. बाहेर उजेड होता. तो डावीकडे वळला आणि चालायला लागला. या वेळी मधे भिंत नव्हती. सावकाश चालत तो तोंडापाशी गेला, उजेडात गेला, दिसेनासा झाला.

"मागे वळला नाही," मुंगी म्हणाली.

"फार वेळ बसला होता बिचारा."

पडद्यावर प्रश्न आला, खेळ कुठे न्यायचा. मी कंप्युटर निवडलं. मग भावाच्या कंट्रोलरची वायर काढली, गुंडाळली आणि तो मुंगीच्या पिशवीत ठेवला. दांडी बदलू का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली.

दोघी मायलेकी गेल्या. पहिल्या दिवशी सातला मी सवयीने कान दिला. खोलीत कोणी भिंतीवर ठोकत नव्हतं, कोणी धापा टाकत नव्हतं, आणि ती शांतता मला अजिबात सोसेना. साडेसातला कंप्युटरवर मुंगीचं नाव आलं. कपाळावर दिवा लावलेली लहानशी आकृती रहाटाशी येऊन उभी राहिली. कानात तिचा आवाज आला.

"आत्या, मी उतरू खाली?"

"उतर," मी म्हणाले. "आणि दम लागला की सांग. मी थांबेन."